व्हर्च्युअल कुत्र्यांची शर्यत भरवताना

गेममध्ये पाळलेल्या कुत्र्यांची तुझी ही पहिलीच शर्यत आहे, तर 12 पेक्षा जास्त कुत्रे घेऊ नकोस. 6-6 च्या दोन फेऱ्या, प्रत्येकीतले पहिले 3 अंतिम फेरीत. नावनोंदणी बंद होताच सगळ्यांच्या लेव्हलचे स्क्रीनशॉट घे; नाहीतर मधल्या वेळात ट्रेनिंग देऊन आकडे वाढवले जातात.

खरी गोम गुणांत आहे. वेगाला 1 ते 5 गुण दे, पण ते एकदाच, सुरुवातीला. मग 5 टप्पे, दर टप्प्याला एक फासा, त्याचा आकडा गुणांत मिळवायचा. वेगाचे गुण दर टप्प्याला पुन्हा मिळवलेस तर 4 गुणांचा फरक 20 वर जातो आणि फाशाला काही अर्थच उरत नाही.

फासे तूच टाक, मालकांच्या हाती नको. बरोबरी झाल्यास दोघांना एकेक जादा फासा. हे नियमांत आधीच लिही, भांडणं तिथेच होतात.