वाचक विचारतात : पाण्याखालून पाण्याखाली नेम धरला तरी कसा?

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात ‘व्हेंचरर’ नावाच्या ब्रिटिश पाणबुडीने स्वतः पाण्याखाली असताना पाण्याखालचीच जर्मन पाणबुडी बुडवली आणि असं युद्धात एकदाच झालं, असं वाचलं. पाणबुड्या तर एकमेकींना बुडवतच असणार ना, मग यात एवढं काय विशेष? आणि कॉम्प्युटर नसताना नेम कसा धरला?

उत्तर : प्रश्न मस्त आहे, आणि पहिला गैरसमज बहुतेकांचा असतो, माझाही होता. पाणबुडीने पाणबुडी बुडवल्याची उदाहरणं भरपूर आहेत, ब्रिटिशांच्याच ‘अपहोल्डर’ने १९४२ मध्ये इटलीची ‘त्रिकेको’ बुडवली, पण अशा घटनांमध्ये मार खाणारी बोट पाण्याच्या वर असायची. तेव्हाच्या पाणबुड्या म्हणजे गरज पडली की बुडी मारणाऱ्या बोटी, बस. पाण्याखाली बॅटरीवर चालायचं, बॅटरी संपत आली की वर यायचं, डिझेल इंजिन लावून चार्ज करायची, आणि गाठ पडायची ती तेव्हाच. व्हेंचररने स्वतः ११ नोव्हेंबर १९४४ ला उत्तर नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ यू-७७१ ही जर्मन पाणबुडी बुडवली तीही अशीच, वर असताना.

आता ९ फेब्रुवारी १९४५. जागा नॉर्वेत बर्गन शहराच्या उत्तरेला, फेडये बेटाजवळ. व्हेंचररचा कमांडर जिमी लाँडर्स, वय २५ फक्त. इंग्लंडमधल्या ब्लेचली पार्कमध्ये जर्मनांचे सांकेतिक संदेश फोडले जायचे, त्यावरून यू-८६४ ही जर्मन पाणबुडी या बाजूने जाणार हे कळलेलं म्हणून व्हेंचररला तिथे पाठवलं. खरं तर यू-८६४ तिथून सटकली पण होती. पण तिचं इंजिन मधेच खोकायला लागलं, तेव्हा बर्गनला परत फिरायचं ठरलं आणि ती पुन्हा नेमकी लाँडर्सच्या टप्प्यात आली. नशिबाचा भाग म्हणाल तर एवढाच, पुढचं सगळं डोक्याचं काम आहे असं माझं मत.

सकाळी हायड्रोफोनवर, म्हणजे पाण्यातले आवाज ऐकायच्या यंत्रावर, बारीकसा आवाज आला. आधी वाटलं मासेमारीची बोट असेल. मग पेरिस्कोपमधून पाहिलं तर पाण्यावर दांड्यासारखं काहीतरी दिसलं, बोट मात्र कुठेच नाही. म्हणजे दुसरी पाणबुडी! यू-८६४ ला स्नॉर्केल होतं, पाण्याखाली राहून नळीने हवा घेत डिझेल चालवायची सोय, आणि डिझेल म्हटलं की आवाज आलाच. लपून राहण्यासाठी बसवलेली वस्तू आणि तिच्याचमुळे चोरी पकडली गेली, काय म्हणायचं आता.

लाँडर्सकडे सोनार यंत्र होतं, ‘पिंग’ असा आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजता आलं असतं, पण तो पिंग समोरच्यालाही ऐकू जातो म्हणून त्याने ते वापरलंच नाही. नुसतं ऐकत राहिला. वाट बघत होता की ही बया वर येईल मग नेहमीसारखं मारू. ती काही येईना, उलट वेडीवाकडी वळणं घेत चालली होती, म्हणजे बहुतेक तिलाही संशय आला होता. आणि इकडे व्हेंचररची बॅटरी उतरत चाललेली. असा तब्बल तीनेक तास पाठलाग, पाण्याखाली, आंधळा.

आता नेमाचं. धावत्या माणसाकडे चेंडू टाकताना तो आत्ता आहे तिथे टाकत नाही आपण, तो पोचेल तिथे टाकतो. जहाज मारताना पण तेच, फक्त त्यात एक गोष्ट आयती मिळते, जहाज पाण्यावरच असतं म्हणून टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून धावणारा बॉम्ब, किती खोल सोडायचा हे ठरलेलं. इथे ती खोली पण शोधायची होती. लाँडर्सने पाण्यावर दिसलेल्या दांड्याच्या उंचीवरून खालची बोट किती खोल असेल याचा अंदाज बांधला. आवाज कोणत्या दिशेने येतोय ते पुन्हा पुन्हा टिपून कागदावर रेघा मारत तिचा वेग काढला, आणि वळणांची लय ओळखली, की आता डावीकडे, मग उजवीकडे. नेम धरला तो या लयीवर.

दुपारी १२ वाजून १२ मिनिटांनी त्याने चार टॉर्पेडो सोडले. व्हेंचररला पुढे चारच नळ्या होत्या, म्हणजे भरलेलं सगळं एकाच डावात लावलं आणि चुकलं असतं तर लगेच पुन्हा मारणं शक्य नव्हतं. दर दोन टॉर्पेडोंमध्ये साडेसतरा सेकंदांचं अंतर आणि प्रत्येकाची खोली वेगवेगळी. यू-८६४ ने टॉर्पेडोंचा आवाज ऐकला, खाली बुडी मारली, वळली आणि तीन चुकवले. चौथ्याने गाठलं. १२ वाजून १६ मिनिटांनी स्फोट, आणि मग हायड्रोफोनवर बोट मोडतानाचे आवाज. आतले ७३ जण गेले, एकही वाचला नाही. गणित छान जमलं म्हणून आपण खूश होतो खरे, पण हा आकडा सोडून ही गोष्ट सांगू नये.

प्रश्न : यू-८६४ मध्ये पारा होता म्हणतात. पाणबुडीत पारा कशाला?

उत्तर : जपानला न्यायला. डिसेंबर १९४४ मध्ये ती जर्मनीतल्या कीलहून निघाली, आत जेट इंजिनाचे भाग, काही जर्मन आणि जपानी तज्ज्ञ, आणि १,८५७ स्टीलच्या बाटल्यांमधून साधारण ६७ टन पारा (बाटल्यांचा आकडा लक्षात ठेवायला आपल्याला फार सोपा आहे!). पारा स्फोटकांच्या डिटोनेटरसाठी लागतो आणि जपानला त्याची टंचाई होती. हा पारा ऐंशी वर्षांपासून समुद्रतळावर पडलाय. बोटीचे दोन तुकडे नॉर्वेच्या नौदलाला २००३ मध्ये सापडले, साधारण १५० मीटर खोलीवर. बाटल्या गंजतायत, आजूबाजूच्या गाळात पारा मिसळलाय, त्या भागातली मासळी खाऊ नका असं गरोदर बायकांना आणि लहान मुलांना सांगितलं गेलं. बोट वर काढायची की वाळू-दगड टाकून गाडून टाकायची यावर नॉर्वेत वर्षानुवर्षं वाद. काढताना बाटल्या फुटल्या तर? आणि गाडली तर पुढच्या पिढ्यांनी तिच्यावर कायम लक्ष ठेवत बसायचं? मला विचाराल तर दोन्हीकडची भीती खरी वाटते.

प्रश्न : व्हेंचररचं पुढे काय झालं?

उत्तर : लाँडर्सला डीएसओ हे ब्रिटिश लष्करी पदक आधी मिळालेलंच होतं, या कामगिरीसाठी पुन्हा मिळालं. बोट १९४३ मध्ये इंग्लंडमधल्या बॅरोच्या विकर्स कारखान्यातून पाण्यात उतरली होती, व्ही वर्गातली पहिलीच, तशी लहान चणीची, समोरची यू-८६४ तर ८७ मीटर लांब धूड होतं. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये ब्रिटनने व्हेंचरर विकली, आणि घेतली कोणी तर नॉर्वेनेच. तिथे तिचं नाव झालं ‘उत्स्टाइन’.