लॅपटॉपला जोडायचा ऑसिलोस्कोप घ्यावा की टेबलावरचा?

प्रश्न: माझं कराडला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. मुलगा पॉलिटेक्निकमध्ये ईएनटीसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरी आर्डुइनो आणि ईएसपी32 हे प्रोग्रॅम करायचे छोटे बोर्ड घेऊन रात्री उशिरापर्यंत बसतो. आता त्याला ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेज क्षणाक्षणाला कसं बदलतं ते पडद्यावर दाखवणारं यंत्र, हवाय. यूएसबीने लॅपटॉपला जोडायचा 6,500 ला आणि स्वतःचा पडदा असलेला टेबलावरचा डीएसओ (डिजिटल स्टोरेज ऑसिलोस्कोप) 28,000 ला मिळेल, असं दुकानदार सांगतो. घरात लॅपटॉप एकच आहे. दुकानाचं जीएसटी आणि धाकटीचा अभ्यासही त्यावरच. कोणता घ्यावा? पुढे नोकरीला त्याचा उपयोग होईल का?

उत्तर: नमस्कार. तुमच्या पत्रातल्या रकमांआधी मला तुमचं दुकान दिसलं. ज्या घरात 230 आणि 415 व्होल्ट रोजच्या हाताखालचे, तिथला मुलगा स्कोप आल्यावर महिन्याभरात त्याचा प्रोब (सर्किटला लावायची मोजणीची वायर) मेन्सकडे, म्हणजे विजेच्या लाइनकडे, नेणार, असं मला वाटतं. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

प्रोबला मोजायच्या टोकाशिवाय एक काळी क्रोकोडाइल क्लिप असते. मल्टिमीटरच्या काळ्या वायरसारखी ती कुठेही लावता येत नाही. डीएसओमध्ये ती तीन पिनांच्या प्लगमधून थेट अर्थिंगला जाते. साध्या यूएसबी स्कोपमध्ये ती केबलमधून लॅपटॉपच्या ग्राउंडला जाते. समजा त्याने ती एखाद्या एसएमपीएसच्या (चार्जरमध्ये असतो तशा पॉवर सप्लायच्या) प्रायमरी, म्हणजे मेन्सकडच्या, बाजूला लावली. तिथे रेक्टिफायरनंतर 325 व्होल्टच्या आसपास डीसी असतं. डीएसओ असेल तर मोठा शॉर्ट होतो, स्कोपही जाऊ शकतो. यूएसबीवाला असेल तर तोच करंट तुमच्या जीएसटीच्या लॅपटॉपच्या मदरबोर्डमधून वाट काढतो. चार्जर काढून बॅटरीवर चालवलं की धोका नाही, असं मुलं एकमेकांना सांगतात. ते साफ चूक आहे. तेव्हा शॉर्ट होत नाही, पण लॅपटॉपचं ग्राउंड, पोर्टचा पत्रा, सगळं मेन्सच्या व्होल्टेजवर येतं आणि मुलाचा हात तिथेच असतो. डीएसओची अर्थ पिन काढून टाकणं हाही तितकाच जिवावरचा प्रकार.

मी लॅबमध्ये शिकवत होतो तेव्हा एकाने अशीच क्लिप लावली. ठिणगी उडाली, संगणकाचा पोर्ट गेला. त्याला इजा झाली नाही, पण पुढचं अख्खं सत्र त्याने प्रोबला हात लावला नाही. पोर्टपेक्षा ते मला जास्त लागलं. म्हणून कोणताही स्कोप आणा, घरात एक नियम ठेवा: मेन्सला जोडलेल्या सर्किटला डिफरन्शियल प्रोबशिवाय (त्याचं कुठलंही टोक थेट अर्थिंगला जात नाही) स्कोप लावायचा नाही. बॅटरीवर किंवा चांगल्या 12 व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणाऱ्या सर्किटवर हवं तेवढं शिकू दे. हे तुम्ही त्याला माझ्यापेक्षा चांगलं समजावाल.

आता त्याला विचारा, नक्की काय बघायचंय? सेन्सरचा डेटा येत नाही, आय-टू-सी (सेन्सर बोर्डला जोडणारी दोन तारांची डेटा लाइन) अडकतंय, अशी तक्रार असेल तर स्कोपच्या आधी यूएसबीचा 8 चॅनलचा, 24 मेगाहर्ट्झचा लॉजिक अॅनालायझर घ्या. तो यूएसबी स्कोपपेक्षाही बराच स्वस्त पडतो आणि पल्सव्ह्यू हे मोफत सॉफ्टवेअर त्याच्यावर चालतं. 9600 बॉडला, म्हणजे सेकंदाला 9600 बिटच्या वेगाला, एक बिट 104 मायक्रोसेकंदांचा असतो, ते त्यात आरामात दिसतं. पण त्याला फक्त शून्य आणि एक कळतं. वायफाय सुरू होताच ईएसपी32 रीसेट होत असेल, तर बहुतेक वेळा पुरवठ्याचं व्होल्टेज क्षणभर खाली बसलेलं असतं. तो खड्डा पकडायला स्कोपच लागतो: ट्रिगर, म्हणजे ज्या पातळीला स्कोपने नोंद घ्यायची ती, 3 व्होल्टच्या जरा खाली, उतरत्या बाजूवर लावायचा, ‘सिंगल’ दाबायचं आणि वाट बघायची. हे एकदा स्वतः पकडलेल्या मुलाला ट्रिगर म्हणजे काय हे पुन्हा शिकवावं लागत नाही.

स्वस्त यूएसबी स्कोपवर छापलेल्या आकड्याला भुलू नका. हँटेक 6022बीई 20 मेगाहर्ट्झचा म्हणवला जातो, पण सेकंदाला 4.8 कोटी नमुने घेतो, म्हणजे तितक्या वेळा व्होल्टेज मोजतो. म्हणजे 20 मेगाहर्ट्झच्या एका लाटेला अडीच नमुनेसुद्धा नाहीत. आवाज, पीडब्ल्यूएम (मोटारीचा वेग कमी-जास्त करायला वापरतात ते चालू-बंद पल्स), एक-दोन मेगाहर्ट्झपर्यंतचं काम त्यावर ठीक होतं. याउलट रिगोलचा डीएस1054झेड 50 मेगाहर्ट्झचा आहे, सेकंदाला 100 कोटी नमुने घेतो आणि चारही चॅनल चालू केले तरी प्रत्येकाला 25 कोटी उरतात. सगळेच यूएसबी स्कोप कमकुवत असतात असं मात्र नाही. ब्रिटनच्या पिको कंपनीचे वरचे मॉडेल उत्तम आहेत आणि मोठ्या पडद्यावर लांबलचक रेकॉर्डिंग तपासायला मला तेच आवडतात. फक्त त्या दर्जाला गेलं की स्वस्ताईचा मुद्दाच संपतो.

नोकरीचं म्हणाल तर माझा कल डीएसओकडे आहे. सर्व्हिस किंवा टेस्टिंगच्या टेबलावर बहुतेक तोच असतो आणि एका हातात प्रोब धरून दुसऱ्या हाताने नॉब फिरवायची सवय माऊसने लागत नाही. शिवाय आजचे बहुतेक डीएसओ यूएसबी किंवा लॅनने संगणकाला जोडता येतात. पायथनमधून एससीपीआय कमांड (मोजणीच्या उपकरणांना संगणकावरून द्यायच्या ठरावीक सूचना) देऊन आपोआप मोजमाप घ्यायला तो शिकला, तर ऑटोमेटेड टेस्टिंगच्या कामासाठी ते थेट उपयोगी आहे. म्हणजे संगणकाचा फायदा डीएसओतही मिळतो. यूएसबी स्कोपला मात्र लॅपटॉप मोकळा नसला की काहीच करता येत नाही, आणि तुमच्याकडे तो एकच आहे.

तरीही 28,000 साठी कर्ज किंवा हप्ता नको. आत्ता लॉजिक अॅनालायझर आणा. कॉलेजच्या लॅबमध्ये प्रात्यक्षिक संपल्यावर अर्धा तास जास्त बसू द्या, अशी त्याने स्वतः सरांना विनंती करावी. तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टपर्यंत पैसे साठवा आणि मग डीएसओ घ्या. दोन चॅनल पुरतील. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत जुना सीआरओ (काचेच्या पिक्चर ट्यूबचा अॅनालॉग स्कोप) दिसला तर मोह होईल, पण क्षणभर येऊन जाणारा सिग्नल त्याच्या पडद्यावर टिकत नाही. ईएसपी32 चा तो खड्डा त्यात सापडणार नाही.

दरम्यान त्याला एक वही घालू द्या. प्रत्येक मोजमापाला काय दिसेल असं वाटलं होतं, काय दिसलं आणि फरक का पडला, एवढंच. मुलाखतीत मी स्कोपच्या मालकीपेक्षा ही वही आधी उघडली असती.

स्कोप घरी येईल त्या संध्याकाळी तुम्हीही शेजारी बसा. प्रोब 10एक्सवर (सिग्नल दहापट लहान करणाऱ्या खाचेवर) ठेवून स्कोपच्या पुढच्या 1 किलोहर्ट्झच्या चौकोनी सिग्नलला लावायचा आणि प्रोबवरचा बारीक स्क्रू प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा. कोपरे गोल दिसले किंवा वर टोक आलं, तर अजून थोडा. कोपरे काटकोनात आले की मोजायला सुरुवात करा.