बाकूला जाताय? मग शेकीसाठी दोन रात्री राखून ठेवा

प्रश्न : आई-बाबांना घेऊन आठवडाभर अझरबैजानला जायचंय. टूरवाले म्हणतात सगळे दिवस बाकूतच काढा, फ्लेम टॉवर्स, मॉल, बोट राइड वगैरे. आम्हाला जुनी शहरं बघायचीयत. बाबांचे गुडघे दुखतात. आणि तिकडे देवनागरीत लिहिलेलं मंदिर आहे म्हणे, खरंय का?

उत्तर : मंदिराचं आधी सांगते, कारण ते अगदी खरंय! बाकूजवळच सुराखानीला आतेशगाह, म्हणजे अग्निमंदिर आहे. जमिनीतून येणाऱ्या गॅसवर इथे ज्वाळा पेटलेली असायची आणि सतराव्या-अठराव्या शतकात मुलतान, सिंधकडचे व्यापारी नि साधू तिची पूजा करायचे. पाचकोनी आवार, मधे चार कमानींचा मंडप, कडेने साधूंच्या खोल्या. बहुतेक टुरिस्ट ज्वाळेपुढे सेल्फी काढून निघून जातात, तुम्ही मात्र खोल्यांच्या दारांवरच्या दगडी पाट्या बघा, बऱ्याचशा देवनागरी, थोड्या गुरुमुखी, एक फारसी, आणि एकीवर चक्क 'श्री गणेशाय नमः' नि संवत १८०२, म्हणजे इ. स. १७४५च्या सुमाराचं. आईंना वाचायला लावा, मजा येईल. ज्वाळा मात्र आता पाइपच्या गॅसची, तेल-गॅस उपसून उपसून मूळचा साठाच संपला. खरीखुरी पेटती जमीन बघायची तर बाकूजवळची यानार दाग ही टेकडी, तेही अंधार पडल्यावर, दिवसा काही खास नाही.

बाकूत जुनं शहर म्हणजे इचेरीशेहेर, तटबंदीच्या आतलं, २००० सालापासून युनेस्कोच्या यादीत. शिरवानशाहांचा, म्हणजे इथल्या जुन्या राजांचा, राजवाडा निवांत बघा. मेडन टॉवर नेमका कधी नि कशासाठी बांधला यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही, पण आतला जिना अरुंद आणि गोल गोल, तेव्हा बाबांना वर नेऊ नका. तेवढ्या वेळात ते शेजारची मुलतानी कारवांसराय बघतील, आपल्याकडचे व्यापारी उतरायचे तीच. दोन दिवस बाकूला पुरे झाले, मॉल काय कुठेही असतात.

आता शेकी. बाकूपासून साधारण ३०० किमी, गाडीने पाच-सहा तास, वाटेत शमाखीला जुमा मशिदीपाशी थांबा म्हणजे बाबांचे पायही मोकळे होतील. शेकी हे कॉकेशसच्या पायथ्याचं रेशमाचं जुनं गाव, आणि तिथला खानांचा अठराव्या शतकातला महाल हीच माझ्या मते या देशातली सगळ्यात देखणी गोष्ट. खिडक्या शेबेकेच्या, म्हणजे लाकडाचे बारीक बारीक तुकडे एकमेकांत अडकवून त्यात रंगीत काचा बसवलेल्या, ना खिळा ना गोंद. सकाळी ऊन आत आलं की जमिनीवर रंग सांडतात, म्हणूनच मुक्काम करा म्हणतेय, नाहीतर बाकूहून धावतपळत गेलात तर पोचेपर्यंत दुपार होते. आवारातच कारागिरांचं वर्कशॉप आहे, एखादा तुकडा कसा बसवतात ते दाखवतात. रस्ते दगडी नि चढाचे, त्यामुळे टॅक्सी थेट महाल ज्या किल्ल्यात आहे त्याच्या दारापर्यंत न्या. आणि शेकीचा हलवा खाच, तांदळाच्या पिठाच्या जाळीत सुकामेवा, गोड मात्र भयंकर.

एक दिवस उरला तर बाकूजवळच्या गोबुस्तानची दगडावरची प्राचीन चित्रं. तिथे खडकांतून चालावं लागतं, बाबांना म्युझियममध्येच ठेवा.

जॉर्जियातून रस्त्याने शिरायचा बेत असेल तर तो सोडा, प्रवाशांसाठी जमिनीवरची सीमा २०२० पासून बंद ठेवलीय, विमानानेच जावं लागतं. तिकीट काढण्याआधी हे आणि ई-व्हिसाचे नियम एकदा चेक करून घ्या.