संपणारी मालिका लावा, मग बघू बाकीचं

टोरांटोच्या एका ताईंचं पत्र आहे. माहेर सांगलीचं, विश्रामबागेतलं. वडील मिरजेला रेल्वेत होते, आता निवृत्त. ताई लिहितात, "रोज व्हिडिओ कॉल होतो. आई तिच्या मालिकेतल्या सासूचं सांगते, बाबा बर्फ पडलं का विचारतात, आणि माझी अकरा वर्षांची लेक 'हाय आजी' म्हणून पळून जाते. सगळ्यांना मिळून बघता येईल असं, फारसं कुणी न बघितलेलं आणि लवकर संपणारं काही सुचवाल का?" पुढे सुपर व्हिसा (आई-वडिलांना कॅनडात जास्त दिवस राहू देणारा), दिवाळीची तिकिटं आणि भडंग असे आणखी तीन प्रश्न आहेत. त्यांना शेवटी दोन-दोन ओळी देईन. पहिला प्रश्न माझ्या आवडीचा आहे आणि त्यावर मी सुरू झाले की आवरत नाही, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे.

आधी थोडं रागावते. तुम्ही लिहिता, "आईची मालिका मीही लावून पाहिली, पण सातशे भाग झालेत, कुठून धरू कळेना." अहो, धरूच नका! हिशेब करा. आठवड्याला सहा भाग, जाहिराती वगळून बावीस मिनिटांचा एक. वर्षाचे ३१२ भाग आणि ११४ तास झाले. एवढं बघूनही तुम्ही आईच्या मागेच राहणार. शिवाय रोजची मालिका टीआरपी बघून पुढे ढकलली जाते. सुरुवात लिहिणाऱ्याला शेवट माहीत नसतो, म्हणून मग कुणाची स्मृती जाते, कुणाची जुळी बहीण उगवते. छोट्या मालिकेचा शेवट आधी लिहिलेला असतो, चित्रीकरण नंतर होतं. आणि मुख्य म्हणजे तिथे आजी, आई आणि नात पहिल्या भागाला एकाच ठिकाणी उभ्या असतात. कुणी कुणाला मागचं समजावून सांगायचं नसतं, त्यामुळे पुढे काय होईल यावर भांडता येतं. माझ्या सासूबाई साताऱ्यात आणि माझी मुलं इकडे, त्यांच्यात सध्या एवढा एकच विषय जोरात चालतो.

सांगलीच्या माणसाला तर हे पटायला हवं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं ते तुमच्याच गावात. ठरल्या वेळी पडदा पडतो हे त्या गावाला शिकवायला नको.

तुमच्या नणंदबाई म्हणतात 'लागिरं झालं जी' पहिल्यापासून लावा. साताऱ्याकडची बोली कानाला गोड लागते, फौजी घरांचं वातावरणही आहे. पण २०१७ ते २०१९ रोज चाललेली मालिका आहे ती. बोलीसाठी एखादा भाग दाखवा आणि थांबा.

सुरुवात 'आणि काय हवं'पासून करा. एमएक्स प्लेअरवर २०१९ मध्ये आली, दिग्दर्शक वरुण नार्वेकर. पहिल्या पर्वाचे सहाच भाग, एकेक साधारण वीस मिनिटांचा. प्रिया बापट आणि उमेश कामत, म्हणजे जुई आणि साकेत, यांच्या संसारातल्या पहिल्या-पहिल्या गोष्टी: घर, गाडी असं. खलनायक कुणी नाही. वाक्यं छोटी, घरातली, त्यामुळे मराठी समजणाऱ्या पण न बोलणाऱ्या मुलीला झेपतात. पहिल्या दोन भागांना इंग्रजी सबटायटल चालू ठेवा, तिसऱ्यापासून बंद. चालूच ठेवलीत तर ती वाचत बसेल आणि कान बंद राहतील. माझ्या धाकट्याचं अगदी हेच होतं.

दुसरी मालिका बाबांसाठी. रेल्वेतल्या माणसाला श्याम बेनेगलांची 'यात्रा' दाखवली नाहीत तर काय केलंत? १९८६ची, दूरदर्शनवरची, हिंदी. कन्याकुमारीहून जम्मूला जाणारी हिमसागर एक्स्प्रेस, आणि तिच्यात ओम पुरी रजा संपवून आपल्या तळावर निघालेला जवान. गाडी खरी, स्टेशनं खरी. वेग मात्र त्या काळचा, लेक कंटाळेल. तिला एक काम द्या: नकाशा उघडून प्रत्येक स्टेशनवर बोट ठेवायचं, आणि पुढे कुठलं जंक्शन ते आजोबांना विचारायचं. बाबा हवामान विसरतील.

तिसरी तुमच्या नवऱ्यासाठी, आणि पंधरा दिवसांच्या रजेत मुली बघून गेलेल्या इकडच्या तमाम पुरुषांसाठी: 'मिस्टर योगी'. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी केतन मेहतांनी केलेली. अमेरिकेहून लग्नासाठी आलेला मुलगा बारा राशींच्या बारा मुली बघतो. मोहन गोखले त्यात असा काही आहे की आपलीच लाज वाटून हसू येतं.

सई ताम्हणकर सांगलीची म्हणून आई 'पेट पुराण' मागेलच. सोनी लिव्हवर २०२२ला आली, सोबत ललित प्रभाकर. मूल नको म्हणून कुत्रा-मांजर आणणारं जोडपं आहे, तेव्हा पहिला भाग तुम्ही आधी एकट्या बघा. आईकडून "हे काय खूळ" असं येणार, त्याची तयारी ठेवा. झी फाईव्हवरची 'हुतात्मा' (२०१९) संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यावर आहे. गोळीबार बघवत असेल तर मोठ्यांनी बघावी. 'संविधान' (२०१४) दहा भागांची, सचिन खेडेकर आंबेडकरांच्या भूमिकेत. भाग मोठे आहेत, एकेक दोन बैठकांत घ्या, आणि लेक चौदाची झाल्यावर. 'समांतर' आणि 'मानवत मर्डर्स' या थरारक मालिका तिच्यासमोर अजिबात नको.

आता बघायचं कसं. इथेच सगळ्यांचं बिनसतं, कारण सगळे व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करायला जातात. पैसे भरून घेतलेल्या बहुतेक ॲपना नक्कलबंदीचं कुलूप असतं, समोरच्याला काळा पडदा दिसतो. दिसलंच तर आवाज मागून येतो. म्हणून दोन्ही घरांनी आपापल्या टीव्हीवर लावायचं. कॉल वेगळ्या फोनवर, भाग सुरू असताना दोन्हीकडे म्यूट. नाहीतर टीव्हीचा आवाज फोनमधून फिरून परत येतो आणि आई "काहीतरी घुमतंय" म्हणत उठते. "एक, दोन, तीन" म्हणून एकदमच सुरू करा. सांगलीत नेट अडकलं तर त्यांनी मिनिट-सेकंद मोठ्यानं सांगायचे, तुम्ही त्याच जागी थांबायचं. शक्यतो त्यांच्याकडे भाग आदल्या रात्री डाउनलोड करून ठेवा.

मालिकांचे हक्क देशानुसार विकले जातात. सांगलीत दिसणारी मालिका टोरांटोत दिसेलच असं नाही, म्हणून दोन्हीकडे पहिली पाच मिनिटं चालवून बघा आणि मगच आईला सांगा. भारतातल्या खात्याचा ओटीपी बाबांच्या फोनवर जातो, तेव्हा लॉगिन त्यांच्या जागेपणी करा. यूट्यूबवर जुनी मालिका मिळाली तर तिथली आपोआप उमटणारी अक्षरं बंदच ठेवा, काहीच्या बाही असतात. त्यापेक्षा वेग ०.७५ करा.

वेळ शनिवारची, सांगलीत रात्री आठ. तुमच्याकडे उन्हाळ्यात तेव्हा सकाळचे साडेदहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तुमचं घड्याळ मागे जातं, मग साडेनऊ, ते मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत. सरकायचं तुम्ही. बाबांचं जेवण आणि गोळ्या सरकवू नका. एका शनिवारी एकच भाग, कितीही मोह झाला तरी. भाग संपल्यावर म्यूट काढून पहिला प्रश्न आजीनं नातीला विचारायचा आणि उत्तर मराठीत, तुटकं चालेल. मध्ये तुम्ही दुरुस्त्या करायच्या नाहीत. हे तुम्हालाच सांगतेय, कारण पत्रात तुम्हीच लिहिलंय, "ती चुकली की मला राहवत नाही." राहवून घ्या.

बाकीचं. सुपर व्हिसासाठी आई-बाबांचा किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, वर्षभराचा आरोग्य विमा लागतो. आधी त्याचे भाव काढा, मग बाकीचे कागद. सांगलीला जायला दिवाळी की जुलै? लेकीची शाळा बघता जुलै, पण कृष्णेला पाणी चढायचेही ते दिवस, तेव्हा तिकीट तारीख बदलता येणारं घ्या. आणि भडंग चुरमुऱ्याचा आहे, सामानात चुरा होणारच. कडक डब्यात भरा, नाहीतर मसाला तेवढा न्या आणि चुरमुरे तिकडच्या देशी दुकानातून घ्या.