ती तुझ्याशी बोलली होती, गावाशी नाही

पत्र थोडक्यात असं: "मावशी, मी ३१ वर्षांचा, औषध कंपनीचा प्रतिनिधी, एमआर आहे. डॉक्टरांची वाट बघत बाकड्यावर बसलो की शेजारच्याशी गप्पा होतात, रात्री ते लिहून फेसबुकवर टाकतो, लोकांना आवडतं. मागे अशोक चौकाजवळच्या एका बिडी वळणाऱ्या आजींबद्दल लिहिलं, मुलगा पुण्याला गेला, सून बोलत नाही, असं. नाव बदललं होतं. तरी गल्लीतल्या कुणीतरी ओळखलं आणि त्यांना वाचून दाखवलं. आता मी दिसलो की त्या दार लोटून घेतात. वर बहीण म्हणते, दादा, तुझ्यासमोर बोलायची भीती वाटते. लिहिणं बंद करू का? – बॅगवाला, सोलापूर"

बॅगवाल्या,

नको बंद करू. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट वाचशील.

पोस्टची कॉपी सोबत पाठवलीस ते बरं केलंस, कारण नुसत्या पत्रावरून मला वाटलं असतं की आजींना राग आला तो घरातली गोष्ट बाहेर गेल्याचा. तो आला असेलच. पण पोस्टमध्ये तू त्यांचं मराठी जसंच्या तसं ठेवलंयस, "सून आला, बसला, बोलला नाही, गेला", आणि खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागलीय, कुणी लिहिलंय "लै भारी बे, आवाज कानात आला". अरे बाबा, सोलापूरच्या पूर्व भागात घराघरात तेलुगू बोलतात, त्या बाईचं सगळं आयुष्य तेलुगूत गेलं, तुझ्याशी मराठीत बोलली ती तुला कळावं म्हणून. तुझं तेलुगू किती शुद्ध आहे रे? पोराचं दुःख गल्लीला आधीच माहीत असणार, बोळातली घरं ती, भिंतीला भिंत. पण आपण बोलतो त्याला लोक हसतात हे तिला तुझ्या पोस्टमुळे कळलं. माझा अंदाज आहे, दार लोटलं जातंय ते जास्त करून यासाठी.

आता ते नाव बदलल्याचं. २०११ च्या जनगणनेत सोलापुरात साडेनऊ लाख माणसं मोजली गेली, ऐकायला मोठा आकडा, पण तू चौक लिहिलास, दारातलं कडुनिंबाचं झाड लिहिलंस, हजार बिड्यांमागे मजुरी किती मिळते ते लिहिलंस, मुलगा हुतात्मा एक्सप्रेसने गेला तो गेलाच हे लिहिलंस, मग राहिलं काय? नाव तेवढं राहिलं, तेही बदललेलं. हे सगळे तपशील गाळ असं मी म्हणत नाही, त्यांच्याशिवाय तुझं लिखाण बेचव होईल. पण जिचं दुखणं लिहितोयस तिचा पत्ता आणि ते दुखणं एकाच पोस्टमध्ये कशाला? झाड दुसऱ्या दारात लाव, मुलगा हैदराबादला पाठव, किंवा सरळ तिला विचार, आजी, हे लिहू का? नाही म्हणाली तर वहीत राहू दे.

माणसं अनोळख्याशी मोकळं बोलतात, कारण तो उठून निघून जाणार असतो. रेल्वेत हे चालतं. तू मात्र दर महिन्याला त्याच दवाखान्यात, त्याच बाकड्यावर, बॅग मांडीवर घेऊन बसतोस, तुला अनोळखी कोण म्हणेल?

कुणीतरी तुला रानावर लिहिणाऱ्या मारुती चितमपल्ली सरांचा दाखला दिला म्हणतोस, तेही लोकांकडून ऐकूनच लिहायचे. आपल्याच सोलापुरात जन्मलेले, वनखात्यातली नोकरी संपवून शेवटी इथेच परत आलेले, खरंच आहे, रानातल्या माणसांकडून त्यांनी पाखरांची नि झाडांची माहिती घेतली. पण पाखराबद्दल सांगणाऱ्याची अब्रू जात नाही रे. हा दाखला तुला लागू नाही.

बहिणीचं मला जास्त लागलं. तुझी दुसरी दोन लिखाणं वाचली, त्यात तू कुठेच नाहीस. लोक रडतात, चिडतात, गड्ड्याच्या जत्रेत पोर हरवून घाबरतात, आणि तू शेजारी बसून समजूतदारपणे ऐकतोयस. तू काय बोललास, कुठे कंटाळलास, टार्गेट डोक्यात असल्याने अर्धं ऐकलंच नाही, हे कधी येणार? सगळ्यांचं उघडं आणि तुझं झाकलेलं, मग घरच्यांना भीती वाटणारच. एखाद्या रात्री फोन बाजूला ठेव आणि बहिणीला तुझं काहीतरी सांग, जे कुठे लिहिणार नाहीस असं. उलटून तिला काही विचारू नकोस.

आजींकडे जा, पण पाण्याच्या दिवशी नको. नळ येतो त्या दिवशी कुणाला माफीबिफी ऐकायला वेळ नसतो. बिड्या कारखान्यात देऊन परत आल्या की जा. साडी, पेढे काही नेऊ नकोस, पैसे तर अजिबात नाही. दारातूनच सांग, आजी, माझं चुकलं, तुमचं बोलणं मी हसण्यावारी नेलं. त्या आत बोलावतील किंवा तेलुगूत चार शिव्या देतील, दोन्ही ऐकून घे. आणि "माफी मागितली" अशी पोस्ट टाकलीस तर मला परत पत्र लिहू नकोस.

जुनी पोस्ट मात्र आज जेवायच्या आधी काढ. कुणी स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर फिरवला असेल तर तो आता तुझ्या हातात नाही, आणि हेही आजींना तूच सांग, दुसऱ्याकडून कळायच्या आत.

– मावशी