लाइकची भिशी

अकरावीचे वर्ग सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की एक तक्रार समुपदेशक म्हणून माझ्याकडे हमखास येते. मुलं म्हणतात, "सगळे एकमेकांना सपोर्ट करतात, मलाच कोणी करत नाही." पालक म्हणतात, "दिवसभर दुसऱ्यांच्या रील्सना लाइक देत बसते. फोन काढून घेऊ का?" दुखणं एकच, दोन बाजूंनी सांगितलेलं. म्हणून स्वराबद्दल लिहिते. नाव बदललं आहे आणि तपशील दोन-तीन मुलींचे मिळून एक केले आहेत.

स्वरा सोळा वर्षांची, कॉमर्सची. पुण्यातल्या जुन्या हौदांवर रील्स करायची. कात्रजच्या तलावातून पेशव्यांनी शहरात पाणी कसं आणलं, काळा हौद, बदामी हौद ही नावं आजही कुठे कुठे टिकून आहेत, असले विषय. वर्गातल्या २४ जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. नियम कडक. कोणी लिंक टाकली की दहा मिनिटांत लाइक, किमान चार शब्दांची कमेंट, सेव्ह आणि स्टोरीला शेअर. दोन वेळा चुकलं की बाहेर. आजी दवाखान्यात होती त्या आठवड्यात स्वराचं दोनदा चुकलं आणि तिला काढलं. त्यानंतर तिने कॉलेजला जाणंच टाळायला सुरुवात केली.

पहिल्या भेटीत तिने फोनमधली एक यादी दाखवली. कोणी दिलं, कोणी नाही दिलं, कोणाचं उसनं राहिलं. लग्नातली आहेराची वही इतकी काटेकोर नसते.

ती यादी मी मोडीत काढली नाही. कागद पुढे केला आणि म्हटलं, "हिशेब पुरा करू." प्रत्येकाच्या आठवड्याला तीन रील्स. बाकीचे २३ जण, म्हणजे ६९ रील्स. एकीला दोन मिनिटं धरली तर १३८ मिनिटं, सव्वादोन तासांहून थोडी जास्त. आई म्हणते तसा 'दिवसभर' हा वेळ नाही. पण दहा मिनिटांच्या नियमामुळे तो सलग मिळत नाही. रोज साधारण दहा वेळा हातातलं काम सोडून फोन उचलावा लागतो. अकाउंट्सचं गणित अर्ध्यावर सुटतं ते तिथे.

"आणि तुला किती मिळाले?"

"तीन रील्स, तेवीस जण... एकोणसत्तर."

"आईची भिशी आहे ना? कशी चालते?"

तिला सगळं पाठ होतं. बारा बायका, महिन्याला दोन हजार, नंबर लागला की चोवीस हजार.

"मग वर्षभरात आईने किती कमावले?"

"कमावले कुठे? तिचेच होते ते." आणि ती थांबली. कागदाकडे बघत राहिली. दोन्हीकडे ६९ लिहिलेले होते. बऱ्याच वेळाने म्हणाली, "म्हणजे हे पण माझेच होते."

अशा वेळी समुपदेशकाची जीभ वळवळते. समजावून सांगायचा मोह होतो. मी गप्प बसले, आणि त्या पाच मिनिटांच्या गप्प बसण्याने जे केलं ते माझ्या बोलण्याने झालं नसतं, असं मला आजही वाटतं. मग तिनेच विचारलं, "पण मग काढल्यावर इतकं का लागलं?"

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीने काम करते. त्या पद्धतीचा अर्धा अर्क मराठीत एका अक्षरात मावतो: 'च'. लाइक मिळाले तर आवडेल, ही इच्छा. लाइक मिळालेच पाहिजेत, नाहीतर मी वर्गात कोणीच नाही, हा हट्ट. इच्छा पुरी झाली नाही तर माणूस हिरमुसतो. हट्ट पुरा झाला नाही तर कॉलेज बुडवतो. स्वराला विचारलं, "भिशीतून काढलं तर आई कोणीच नाही का?" ती हसली. "आई भांडेल. पण आईच राहील."

आता व्यवहाराचं, कारण मुलांना नुसता विवेक पुरत नाही, रीचचंही, म्हणजे रील किती जणांपर्यंत पोचते याचंही, उत्तर हवं असतं. रील किती वेळ पाहिली गेली, लाइक किती आणि ती दुसऱ्यांना किती जणांनी पाठवली, या तीन गोष्टींना जास्त वजन असतं, असं इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जाहीर सांगितलं आहे. त्यातही अनोळखी लोकांपर्यंत पोचायला पाठवणं अधिक कामाचं. ग्रुपमधला मुलगा रील उघडतो, दोन सेकंदांत लाइक मारतो आणि पुढच्या लिंकवर पळतो. लाइक मिळतो, पाहण्याचा वेळ पडतो. शिवाय अकाउंट खासगी असेल तर फॉलोअर नसलेल्यांना रील दिसतच नाही, मग कसला रीच! अठरा वर्षांखालच्यांसाठीची टीन अकाउंट्स भारतात २०२५ मध्ये आली, ती सुरुवातीपासून खासगीच असतात, आणि सोळाच्या आतल्या मुलांना ते बदलायला पालकांची परवानगी लागते. मुलं वय खोटं टाकतात, ते आधी तपासा.

एक धोका पालकांना माहीत नसतो. 'माझ्या वतीने तूच लाइक कर' म्हणून मुलं एकमेकांना पासवर्ड देतात, किंवा लाइक वाढवणाऱ्या ॲपमध्ये लॉगिन करतात. तसं झालं असेल तर आजच पासवर्ड बदला आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. ॲपमधून मिळवलेले खोटे लाइक इन्स्टाग्राम २०१८ पासून काढून टाकत आलं आहे, म्हणजे तेही हाती राहत नाहीत.

एकमेकांना आधार देणं वाईट नाही. भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या वेळी 'आव्वाज कुणाचा' म्हणून घसा फोडणारे असतातच. मजा येते, पण परीक्षक त्याचे गुण देत नाहीत. तालमीला शेवटच्या रांगेत बसून 'तुझं वाक्य इथे ऐकू येत नाही' सांगणारा मित्र वेगळा. स्वराने तसे तिघं निवडले. रील टाकायच्या आधी ते बघतात आणि एकच सांगतात: कंटाळा कितव्या सेकंदाला आला. टाकल्यावर लाइकची सक्ती नाही, हजेरी नाही. पहिल्यांदा एकाने "चौथ्या सेकंदाला" म्हटलं तेव्हा ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. मग सुरुवातीचा नमस्कार कापला.

ग्रुपमध्ये असलेल्यांनी बाहेर पडताना रागाने 'लेफ्ट' होऊ नये आणि टोमण्याची स्टोरी टाकू नये. एक ओळ पुरते: "मी यापुढे लिंक टाकणार नाही, आवडेल ते बघेनच." पुढच्या तीन-चार रील्सचे लाइक पडतात, कारण ग्रुपवाले हात आखडतात. नेमक्या याच वेळी मुलं परत जातात. तेवढ्या दिवसांसाठी सेटिंगमध्ये जाऊन लाइकचे आकडे लपवा. ती सोय २०२१ पासून सगळ्यांना आहे.

आणि फोन काढून घेऊ नका. ग्रुपमध्ये चूक पडते, मूल मैत्रिणीच्या फोनवरून लॉगिन करतं आणि तुम्हाला काही कळत नाही. संध्याकाळची ठरलेली अर्ध्या तासाची वेळ अधिक टिकते. झोप-जेवण सुटलं किंवा 'जगून काय उपयोग' असं काही कानावर आलं, तर मात्र वाट न बघता टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा.

शेवटच्या भेटीला स्वराची आई आली होती. निघताना दारात थांबून हळूच म्हणाली, "मॅडम, पण मग लाइक वाढले का हो हिचे?"

"आई!" स्वरा जिन्यातून ओरडली.