ओलावा १२ पेक्षा जास्त नाही, की मोजलाच नाही?

प्रश्न : मी हिंगणघाट तालुक्यातील एका जिनिंगमध्ये संगणकाचे काम पाहतो. कापूस खरेदीचे आमचे नियम जावामध्ये लिहिलेल्या एका लहान रूल इंजिनमध्ये, म्हणजे नियम तपासून निर्णय देणाऱ्या प्रोग्राममध्ये, ठेवलेले आहेत. सुरुवातीला 'समान', 'पेक्षा जास्त' आणि 'पेक्षा कमी' एवढ्या तुलना, म्हणजे ऑपरेटर, पुरत होत्या. आता 'दरम्यान', 'यादीत आहे', 'नाव जुळते' अशा मागण्या दर हंगामात येतात. प्रत्येक वेळी मला इंजिनमधला लांबलचक स्विच (कोणत्या ऑपरेटरला काय करायचे ते सांगणारा कोड), नियम वाचणारा भाग आणि कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरच्या स्क्रीनवरची यादी अशा तीन ठिकाणी बदल करावे लागतात. ऑपरेटर बाहेरून जोडता येतील अशी रचना कशी करावी?
— एक वाचक, वर्धा जिल्हा

उत्तर : आपल्याला तीन ठिकाणी हात घालावा लागतो, कारण ऑपरेटरचा अर्थ कोणत्याही एका जागी पूर्ण लिहिलेला नाही. प्रत्येक ऑपरेटरचा स्वतंत्र क्लास (कोडचा वेगळा घटक) करावा आणि सर्वांसाठी एकच इंटरफेस, म्हणजे प्रत्येक क्लासने पाळायचा समान आराखडा, ठरवावा. त्यात ऑपरेटरचे नाव, डाव्या व उजव्या बाजूला चालणारे डेटाचे प्रकार, स्क्रीनवर दाखवायचा मराठी मजकूर आणि प्रत्यक्ष तुलना एवढे असावे. जावा ६ पासून भाषेसोबतच मिळणारी, असे क्लास शोधून देणारी सर्व्हिसलोडर ही सोय वापरली, तर इंजिन सुरू होताना असे सर्व क्लास आपोआप सापडतात आणि इंजिनच्या नोंदवहीत, म्हणजे उपलब्ध ऑपरेटरांच्या यादीत, जातात. मग नवा ऑपरेटर म्हणजे एक नवी जार फाइल (जावाच्या कोडचे गाठोडे), आणि स्क्रीनवरची यादीही त्याच नोंदवहीतून भरता येते.

नोंदवहीत ऑपरेटर केवळ नावाने शोधू नये. 'पेक्षा जास्त' हे अंकांसाठी एक काम आहे आणि तारखांसाठी दुसरे, म्हणून नाव आणि दोन्ही बाजूंचे प्रकार मिळून शोध घ्यावा, आणि तोही नियम साठवतानाच. ओलाव्याची तुलना चुकून गावाच्या नावाशी लावली गेली असेल, तर ते नियम लिहिणाऱ्याला कार्यालयात बसल्याजागी कळले पाहिजे. वजनकाट्यापुढे कापसाच्या गाड्यांची रांग लागल्यावर कळून उपयोग नाही.

एवढे काम आपण आठवडाभरात कराल. मला अधिक काळजी वाटते ती नसलेल्या माहितीची. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) आधारभूत खरेदीत ८ टक्के ओलावा हा पाया धरतात, त्याच्या वर प्रत्येक टक्क्याला भावात तेवढी कपात होते आणि १२ टक्क्यांच्या वरचा कापूस घेत नाहीत. आता 'ओलावा १२ पेक्षा जास्त नसेल तर खरेदी करावी' असा नियम लिहिला आणि मीटरचे रीडिंग यायचेच राहिले, तर काय होईल? रिकाम्या किमतीवर, म्हणजे न भरलेल्या आकड्यावर, 'पेक्षा जास्त' खोटे ठरते, 'नसेल'चा नकार लावल्यावर ते खरे होते आणि न मोजलेली गाडी खरेदीला पात्र ठरते. यवतमाळ जिल्ह्यातील एका जिनिंगसाठी मी स्वतः लिहिलेल्या इंजिनमध्ये हे घडले. ओला कापूस चांगल्या कापसाच्या गंजीत मिसळल्यावरच ते लक्षात आले, आणि त्या चुकीचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून ऑपरेटरचे उत्तर खरे, खोटे आणि अज्ञात असे तीन प्रकारचे असावे. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत रिकाम्या किमतीशी केलेली तुलना अशीच अज्ञात ठरते, अज्ञाताचा नकारही अज्ञातच राहतो आणि निवडीत फक्त खऱ्या ठरलेल्या ओळी येतात. आपल्या इंजिननेही नियम तेव्हाच लागू करावा जेव्हा उत्तर स्पष्टपणे खरे असेल. नकार लावून उत्तर उलटवण्याचे काम ऑपरेटर लिहिणाऱ्याकडे सोडू नये. ते इंजिनने एकाच ठिकाणी करावे, नाहीतर प्रत्येक नवी जार फाइल नकाराचा आपला वेगळा अर्थ घेऊन येईल. रिकाम्या किमतीवर ठाम उत्तर देण्याचा अधिकार 'मोजलेले आहे' या एकाच ऑपरेटरला असावा, आणि न मोजलेली गाडी मीटरकडे परत पाठवणारा नियम त्याच्यावर उभा करावा.

अंकांच्या बाबतीत दोन गोष्टी सांभाळाव्यात. ओलावा आणि भाव जावाच्या डबल या प्रकारात ठेवू नयेत, कारण त्यातल्या द्विमान (० आणि १ च्या) पद्धतीत ०.१ ही साधी संख्याही तंतोतंत बसत नाही. त्याऐवजी दशांश जसेच्या तसे ठेवणारा बिगडेसिमल वापरावा. मात्र बिगडेसिमलची इक्वल्स ही पद्धत १२.० आणि १२.०० यांना वेगळे मानते, तर कंपेअरटू समान मानते. आपला 'समान' कंपेअरटूवरच बांधावा. 'दरम्यान'मध्ये दोन्ही टोके धरली आहेत की नाहीत, हे ऑपरेटरच्या नावातच यावे आणि एकदा ठरलेला अर्थ पुन्हा बदलू नये. बदल हवाच असेल तर नव्या नावाचा ऑपरेटर द्यावा, म्हणजे मागच्या हंगामातले नियम जसेच्या तसे चालतील.

'नाव जुळते' हा ऑपरेटर दिसतो तितका सोपा नाही. सातबाऱ्यावरचे नाव आणि खरेदी पावतीवरचे नाव डोळ्यांना सारखे दिसूनही संगणकाला वेगळे असू शकते. 'वऱ्हाडे' या आडनावातला अर्धा र कोणी ऱ आणि हलंत टाइप करून लिहितो, तर कोणी साधा र, हलंत आणि त्यापुढे न दिसणारा जोडक टाइप करून. युनिकोड या संगणकीय लिपी-मानकाचे प्रमाणीकरण या दोन रूपांना एक करत नाही. त्यात आपल्या वऱ्हाडी बोलण्यात ण चा न होतो आणि ळ चा य होतो, तेही ऐकून लिहिणाऱ्याच्या हातून कागदावर उतरते. ड्रूल्स या प्रसिद्ध रूल इंजिनमध्ये 'साउंड्सलाइक' नावाचा ऑपरेटर आहे. तो १९१८ साली अमेरिकेत पेटंट झालेल्या साउंडेक्स या उच्चारावरून नावे जुळवणाऱ्या पद्धतीवर चालतो आणि ती इंग्रजी अक्षरांसाठी आहे. देवनागरीसाठी तो घेऊ नये. माझ्या मते नाव नोंदवतानाच त्याचे एक प्रमाणित रूप तयार करून वेगळ्या रकान्यात ठेवावे आणि ऑपरेटरने फक्त त्या रूपांची तुलना करावी. उच्चारसाम्यावरून जुळलेल्या नावावर पैसे थेट देऊ नयेत. ते माणसाने तपासावे.

यावरून एक सूचना करतो. ऑपरेटर म्हणून येणाऱ्या बऱ्याच मागण्या खरे तर आधीच काढून ठेवायच्या माहितीच्या असतात. 'आजपासून ३० दिवसांच्या आत' हा ऑपरेटर लिहाल तर तो घड्याळाकडे पाहील, आणि चार महिन्यांनी पावतीवर वाद झाला की तोच नियम वेगळे उत्तर देईल. खरेदीची तारीख माहिती म्हणून द्यावी. ऑपरेटरने घड्याळ, डेटाबेस किंवा नेटवर्क यांना हात लावू नये.

वेगाचा विचार तूर्त बाजूला ठेवला तरी चालेल. चार्ल्स फोर्गी यांच्या रेटे या, अनेक नियम एकत्र तपासणाऱ्या पद्धतीवर चालणारी इंजिने समानतेच्या अटी हॅश टेबलमध्ये (किमतीवरून थेट नोंद शोधून देणाऱ्या तक्त्यात) घालून वेग मिळवतात आणि बाहेरून आलेल्या ऑपरेटरला तो लाभ सहसा मिळत नाही. पण शे-दोनशे नियमांच्या जिनिंगला त्याने फरक पडणार नाही.

इंटरफेसमध्ये आणखी एक पद्धत मात्र आजच घालावी : तुलनेचे कारण साध्या मराठीत सांगणारी. 'मोजलेला ओलावा १३.२ टक्के, मर्यादा १२ टक्के' एवढी ओळ प्रत्येक ऑपरेटरने तयार करावी आणि ती पावतीवर छापावी. गाडी भाड्याने करून आलेल्या शेतकऱ्याचा कापूस परत जात असेल, तर कोणत्या आकड्यामुळे तो परत जातो हे त्याच्या हातात लिहून असलेच पाहिजे.